बारटक्के

बारटक्क्यांची आणि माझी पहिली भेट कचऱ्याच्या डब्यापाशी झाली.

एडिंबऱ्याच्या लीथ भागात मुलाकडे येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सुनेने अंड्यांचा रिकामा पुठ्ठा हातात दिला म्हणून तो टाकायला खाली गेलो, तर डब्याशेजारी सत्तरी उलटलेले, ताडमाड उंचीचे गृहस्थ उभे. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे न जाता थेट पुठ्ठ्यावर गेली.

"हा टाकणार आहात?"

मी मान हलवताच त्यांनी तो दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसा घेतला. अंगठ्याने दाबून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाले, "साठ दगड तरी निघतील."

मी वर येऊन मुलाला म्हटलं, "खालचे म्हातारेबुवा जरा हे वाटतात."

"ते होय? ते दुकान बांधतायत."

"या वयात?"

"अकरा वर्षं झाली."

"केवढं आहे?"

मुलाने दोन्ही हात फुटा-दोन फुटांच्या अंतरावर धरले. "एवढं."

बाहुलीघरांचा एक जगन्मान्य हिशेब आहे, तो मला पुढच्या सहा महिन्यांत तोंडपाठ झाला. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे तिथला एक इंच. एकास बारा. सहा फुटी माणूस सहा इंच, तीन फुटी टेबल तीन इंच. हे ऐकल्यावर हिने त्या गृहस्थांचं नाव 'बारटक्के' ठेवून टाकलं. माझी उभी हयात आरेखक म्हणून नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे राहवेना. "अगं, एकास बारा म्हणजे बारा टक्के नव्हेत. सव्वाआठ टक्के आणि वर थोडं."

"सव्वाआठटक्के हे काय आडनाव झालं?" ही म्हणाली, आणि विषय संपला.

दोन दिवसांनी बारटक्क्यांनी आम्हाला दुकान पाहायला बोलावलं. दार उघडून ते म्हणाले, "या, जरा अंधार आहे." बोळातला दिवा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. स्वयंपाकघरातला नळ एका लयीत ठिबकत होता. आतल्या खोलीत मात्र टेबलावर दिवाळी होती. जुन्या एडिंबऱ्यातल्या एखाद्या चढाच्या रस्त्यावरून उचलून आणावं असं दुकान. खाली दर्शनी खिडक्या, वर गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारी गोदामाची खोली. भिंत राखाडी-पिवळ्या वालुकाश्माची. तो वालुकाश्म म्हणजे आम्ही खाल्लेल्या ऑम्लेटांचा पुठ्ठा. छपरावरच्या पाट्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून एकेक कापलेल्या. वीज बारा व्होल्टची, भिंतीच्या कागदाखालून तांब्याच्या पट्ट्यांनी फिरवलेली. दिव्यांच्या दोन जाती त्यांनी मला समजावल्या: एक गव्हाच्या दाण्याएवढा, दुसरा तांदळाच्या. धंद्यातली नावंच तशी आहेत. आमच्याकडे जत्रेत तांदळावर नाव लिहून देतात. इथे तांदूळ पेटवतात.

"एक वी चहा घेणार?" त्यांनी विचारलं. 'वी' म्हणजे इवलासा. स्कॉटिश माणूस जगातल्या सगळ्या गोष्टींना 'वी' म्हणतो. बारटक्क्यांनी आणलेला इवलासा चहा अर्धा लिटर होता. 'पाच वी मिनिटांत येतो' असं सांगून ते त्या चहासाठी गेले, ते किती वेळाने आले हे मी पहिल्या दिवशी मोजलं नाही. पुढे मोजू लागलो. बारटक्क्यांची पाच मिनिटं म्हणजे बरोबर एक तास. पाच गुणिले बारा. लांबी-रुंदीत वाचवलेलं सगळं हा माणूस वेळेत परत फेडत होता.

दुकानात स्कॉटलंडचा सगळा माल होता. काउंटरवर हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत आणि फुफ्फुस ओटच्या भरडीत कालवून केलेला गोळा. इथला आकार चिंचोक्याएवढा, भट्टीत भाजलेल्या रंगीत मातीचा. शॉर्टब्रेडच्या कांड्या जिऱ्यापेक्षा किंचित मोठ्या, आणि प्रत्येकीवर सुईने पाडलेली भोकं. डंडी केकवर बदामांची गोल रांगोळी. शिवाय 'टॅब्लेट'. ही औषधाची गोळी नव्हे. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची वडी. खरी टॅब्लेट मिसेस बारटक्क्यांनी हातावर ठेवली तेव्हा हिने डोळे मिटून निकाल दिला, "खव्याची वडी. पाक जरा पुढे गेलाय."

व्हिस्कीच्या बाटल्या पाहून माझ्यातला आरेखक जागा झाला. लांबी बाराने भागायची, पण आकारमान बाराच्या घनाने, म्हणजे १७२८ ने. सत्तर सेंटिलिटरची बाटली तिथे अर्धा मिलिलिटरसुद्धा भरत नाही. जेमतेम आठ थेंब. बारटक्क्यांनी सुरुवातीला इंजेक्शनच्या सुईने खरी व्हिस्की भरली होती. ती महिन्याभरात उडून गेली, असं त्यांचं म्हणणं. मिसेस बारटक्क्यांचं म्हणणं वेगळं होतं. मी हिशेब करून सांगितलं की एका पेगसाठी अशा चौऱ्याहत्तर बाटल्या रिचवाव्या लागतील. बारटक्के गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच माझ्या दुकानात दंगा होत नाही."

पण त्यांचा खरा जीव कापडात होता, आणि कापडानेच त्यांना सगळ्यात जास्त छळलं होतं. किल्टला आठ वार कापड लागतं. बाराने भागलं की चोवीस इंच. इथवर ठीक. पण चोवीस इंच कापड घेतलं तरी त्याची जाडी काही बाराव्या हिश्श्यावर येत नाही. चुण्या घातल्या की इवल्याशा पुतळ्यावर किल्ट उघडलेल्या छत्रीसारखा उभा राहतो. त्यात टार्टनच्या चौकटीसुद्धा लहान हव्यात; सहा इंचांनी परत येणारी नक्षी अर्ध्या इंचात परत आली पाहिजे. शेवटी त्यांनी पातळ रेशमावर एका केसाच्या कुंचल्याने रेघा मारल्या. एका किल्टला एक हिवाळा.

हॅरिस ट्वीडची गोष्ट त्याहून करुण. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरी, हातमागावर विणलेल्या कापडालाच 'हॅरिस ट्वीड' म्हणता येतं. तसा १९९३ चा कायदा आहे. बारटक्क्यांनी अस्सल ट्वीडचा तुकडा आणून दुकानात गुंडाळून ठेवला, तर ते काथ्याचं पायपुसणं दिसायला लागलं. म्हणून तिथे आता ट्वीड म्हणून जे आहे तो त्यांचा जुना रुमाल. "खरं ठेवलं की खोटं दिसतं," ते उसासा टाकून म्हणाले, "आणि खोटं ठेवलं की लोक हात लावून म्हणतात, वा, अस्सल!" चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान नवीन नव्हतं.

किल्टच्या आठ वारांचा त्यांना फार अभिमान. मी सहज बोलून गेलो, "आमच्या बायका नऊवारी नेसतात."

बारटक्के थबकले. "नऊ? सबंध नऊ?"

"नऊ."

१७४६ साली कायदा करून डोंगराळ भागातल्या पुरुषांचा हा पोशाख बंद केला होता आणि १७८२ पर्यंत ती बंदी उठली नव्हती, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं होतं. पण तो एक वार त्यांच्या जिव्हारी लागला. ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. निघताना म्हणाले, "सत्तावीस इंच."

नंतर ते आमच्याकडे पोहे खायला आले. हिने कोथिंबीर-खोबरं घालून बशी पुढे ठेवली. बारटक्क्यांनी पहिला घास घेतला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोडणीतली एक मोहरी नखावर घेतली आणि उजेडात धरली. "हे काय?" हिने मसाल्याचा डबा उघडून दाखवला. सराफाच्या पेढीत नववधू बसावी तसे ते त्या डब्यासमोर बसले. मोहरीला हिरवा रंग दिला की 'सूर प्लूम' नावाच्या आंबट गोळ्या तयार. त्यांच्या बरणीसाठी ते चार वर्षं अडून बसले होते. जाता जाता हिच्या खड्यांच्या टिकल्यांचं पाकीटही त्यांनी मागून नेलं. किल्टवाल्याच्या खांद्यावर शालीला लावायचं पदक म्हणून टिकली अचूक मापाची निघाली. मिसेस बारटक्के जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "मागून नेलं ना? नशीबवान आहात. माझं हरवलेलं कानातलं तीन आठवड्यांनी सापडलं, तेव्हा ते दुकानाच्या दाराची कडी झालं होतं."

एके दिवशी ते मला राष्ट्रीय संग्रहालयात घेऊन गेले. १८३६ साली एडिंबऱ्यातल्या आर्थर्स सीट या टेकडीवर काही मुलांना एका कपारीत सतरा चिमुकल्या शवपेट्या सापडल्या. प्रत्येकीत कपडे घातलेली लाकडी बाहुली. त्यातल्या आठ उरल्या, त्या इथे ठेवल्या आहेत. कोणी केल्या, कशासाठी केल्या, याचा उलगडा आजवर झालेला नाही. माझ्या अंगावर काटा आला. बारटक्के काचेला नाक लावून उभे होते. शेवटी खेदाने म्हणाले, "काम सुबक आहे. पण चार इंच. एकास बारात बसत नाही."

त्यांचं दैवत म्हणजे विंडसरच्या राजवाड्यातलं क्वीन मेरीचं बाहुलीघर. १९२१ ते १९२४ या काळात बांधलेलं. नळाला पाणी, दिव्याला वीज, तळघरात दारू. ग्रंथालयासाठी नामवंत लेखकांनी हातभार लावला. एडिंबऱ्यात जन्मलेल्या कॉनन डॉयलने तर खास त्या घरासाठी होम्सची इवलीशी गोष्ट लिहिली. "आणि वास्तुशिल्पी कोण? एडविन लुटियन्स!" बारटक्क्यांनी हात जोडायचेच बाकी ठेवले.

"म्हणजे आमची दिल्ली बांधणारे?"

"असेल," बारटक्के म्हणाले. "तुमच्याकडेही त्यांनी काहीतरी मोठ्या मापात केलं, असं ऐकलंय."

एवढ्या नटवलेल्या दुकानात माणूस मात्र एकही नव्हता. किल्ट घातलेला पुतळाही बिनडोक्याचा. काउंटरवर अर्धा प्यायलेला चहा, वर्तमानपत्रावर उलटा ठेवलेला चष्मा, दारावर पाटी: 'पाच मिनिटांत येतो.' मी विचारलं, "दुकानदार का नाही?" या कलेतले पुष्कळ लोक बाहुल्या ठेवत नाहीत, कारण घर कितीही खरं झालं तरी बाहुलीचं तोंड पाहिलं की सोंग उघडं पडतं. बारटक्क्यांचं कारण निराळं होतं. ते लीथच्या गोदीत क्रेनवर होते. "तीस वर्षं वरच्या केबिनमधून सहा इंचांची माणसं पाहिली," ते म्हणाले. "सगळी वर तोंड करून माझ्यावर ओरडत असायची."

दिवाळीत नातवाने जिन्याच्या वळणावर किल्ला केला. पोत्यावर चिखल, चिखलात मोहरी पेरलेली, बुरुजावर पुण्याहून बॅगेत आणलेले मावळे. बारटक्के कौतुकाने खाली बसले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून पट्टी काढली. महाराज एकास आठ. मावळा एकास चोवीस. वाघ हत्तीपेक्षा मोठा. गडाच्या पायथ्याला नातवाची लाल बस, एकास शहात्तर. विहिरीत आरसा आणि आरशात महाराजांएवढं बदक.

"याचं माप कोणतं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

नातू म्हणाला, "महाराज मोठे, कारण ते महाराज आहेत."

बारटक्के पट्टी मिटवून गप्प बसले. अकरा वर्षांत त्यांना एवढं सोपं उत्तर कोणी दिलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर किल्ल्याच्या दिंडीत दोन गव्हाचे दिवे लागलेले होते. बारा व्होल्टचे. त्यांच्या बोळात अजून अंधारच होता.

दुकान उघडायची तारीख ठरलेली होती: २५ जानेवारी, कवी बर्न्सची रात्र, जेव्हा अख्खा स्कॉटलंड हॅगिस खातो. कुठल्या वर्षीची, ते बारटक्के सांगत नसत.

आम्ही निघालो तेव्हा टॅक्सी तीनला यायची होती. मी आता अनुभवाने शहाणा झालो होतो. दोनलाच त्यांच्या दारावर टकटक करून निरोप सांगितला. आतून आवाज आला, "पाच वी मिनिटांत आलोच!" तीनच्या ठोक्याला, टॅक्सी दारात आणि बारटक्के जिन्यात. त्यांनी हिच्या तळहातावर काडेपेटीएवढी कागदी पिशवी ठेवली. तिला दोऱ्याचे बंद, बाजूला दुकानाचं नाव. आत घडी घातलेली हिरवी रेशमी नऊवारी, लाल काठाची. "सत्तावीस इंच," बारटक्के म्हणाले. "मोजून घ्या." मागे उभ्या असलेल्या मिसेस बारटक्के त्या काठाकडे निरखून पाहत होत्या, त्यांचा कुठलातरी स्कार्फ हरवलेला असणार.

पिशवीत बिलही होतं. भिंगातून वाचलं: '१ नऊवारी. किंमत: मोहरी, अर्धी वाटी.'

अकरा वर्षांतली दुकानाची पहिली विक्री. मी मनात हिशेब मांडायला घेतला, की दुकानाच्या मापाची अर्धी वाटी म्हणजे खरी अर्धी वाटी भागिले १७२८, म्हणजे मोजकेच दाणे... तोवर हिने फर्मावलं, "अहो, वर जा आणि मोहरीची आख्खी बरणी घेऊन या. माप त्यांच्या दुकानात लहान असेल, आपल्या घरात नाही."

बॅगा डिकीत गेल्या होत्या, विमानाची वेळ होत आली होती. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, "पाच मिनिटांत आलो."

तो लीथचाच असावा. त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.