हवालदारांची बदली

घर बदलणाऱ्या गृहस्थाच्या सामानात कपाट, पाटा-वरवंटा, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि देव्हारा या वस्तू असणे स्वाभाविक होय. परंतु ज्याच्या टेम्पोत चालकाशेजारी, गळ्यात पट्टा आणि मुद्रेवर साशंक गांभीर्य धारण करून एक कुत्राही विराजमान झालेला असतो, तो गृहस्थ नव्या इमारतीत पाऊल टाकण्यापूर्वीच एका स्वतंत्र वर्गात जमा होतो. पेठांतले वाडे विकसकांच्या हवाली होऊ लागल्यापासून कोथरूडच्या बाजूस या वर्गाचे दर्शन वारंवार घडते. त्यातला नमुना म्हणून आमच्या वरच्या मजल्यावर राहावयास आलेल्या गृहस्थांकडे निःशंकपणे बोट दाखवता येईल. आपण त्यांना नानासाहेब म्हणू. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसास दुसऱ्या नावाने हाक मारण्याची पुण्यात वहिवाट नाही. कुत्र्याचे नाव हवालदार. जात गावठी; मात्र आजोळकडून कारवानी रक्त असल्याचे नानासाहेब खासगीत सांगतात.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात हवालदाराचे काम सुटसुटीत होते. सबंध वाड्याला एकच दिंडी दरवाजा, आणि त्यातून आत येणारी चार बिऱ्हाडांतली माणसे, दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा व शनिवारी तेल मागणारा जोशी ही सारी मंडळी त्याला नुसत्या पावलांवरून ठाऊक होती. संशयित इसम महिन्याकाठी एखादा यावयाचा आणि दोन भुंकण्यांत प्रकरण निकाली निघावयाचे. पाचव्या मजल्यावरील नव्या नेमणुकीत मात्र आपली हद्द कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हेच त्याला कोणी समजावून दिले नाही. दारापलीकडे लिफ्टची घंटा किणकिणते, माणसे बाहेर पडतात, दारावरून पुढे जातात, आणि त्यांपैकी एकाचाही वास ओळखीचा नसतो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपाशी थकतो. कुत्र्याचा ४५,००० च्या आसपास पोहोचतो. तेव्हा आम्हांस जी इमारत दुपारी निजलेली वाटते, ती त्याच्या लेखी दिवाळीच्या आदल्या दिवशीची तुळशीबाग असते.

त्यात कुरियरची पोरे. पोरगा दाराशी येतो, हवालदार भुंकतो, पोरगा पाकीट देऊन निघून जातो. तो जाणारच होता हे आपण जाणतो. हवालदाराच्या दृष्टीने मात्र ते त्याच्या भुंकण्याचे निर्भेळ फळ होय. दिवसातून पाच-सहा वेळा घरावर चाल यावी आणि प्रत्येक वेळी शत्रूने माघार घ्यावी, असे असता ज्याच्या सेवापुस्तकात अपयशाची एकही नोंद नाही, त्या सेवकाने आपली कार्यपद्धती का म्हणून बदलावी? उलट आतून नानासाहेबांची, कचेरीत शिपायांना हाका मारून कमावलेल्या आवाजातली, ‘हवालदार, गप!’ ही गर्जना आली की वरिष्ठांची कुमक पोहोचली असे समजून तो दुप्पट हुरुपाने कामास लागे.

पण आवाज हा या वर्गाचा खरा विशेष नव्हे. खरा विशेष वकिली. आपण तक्रार घेऊन गेलो की नानासाहेब खुर्ची देत, चहा सांगत, आणि कैफियत ऐकण्याऐवजी आपलीच जबानी घेऊ लागत. ‘किती वाजता भुंकला म्हणता? साडेतीन? बरोबर. साडेतीनला टाकीचा पंप सुरू होतो. वर्दी दिलीन त्यानं.’ हवालदार भुंकतो हे त्यांना मान्यच नव्हते. तो वर्दी देतो, हरकत घेतो, क्वचित निषेध नोंदवतो. सुधारणा करावयाची ती इतरांनी. पंधरवड्यातच लिफ्टशेजारी त्यांच्या वळणदार अक्षरातली पाटी लागली : ‘या मजल्यावरून जाताना पावले एकसारखी टाकावीत. बुटांपेक्षा चपला बऱ्या. उघडी छत्री घेऊन लिफ्टबाहेर येऊ नये. कुत्रा सोसायटीचा नोकर नाही, तरी काम करतो, याचे भान ठेवावे.’

प्रकरण अखेर सोसायटीच्या सभेपुढे आले. नानासाहेब टाचण लावलेले दप्तर घेऊन हजर झाले. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांवरून त्यांनी, पाळीव कुत्र्यास बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीस बहुमतानेही नाही, हे सिद्ध केले. आणि भुंकणे ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती असून समाजाने ती सहन केली पाहिजे, अशा आशयाचे वाक्य दोनदा वाचले. आमचे चिटणीस हा सॉफ्टवेअरमधला तरुण मुलगा. त्याने तोच कागद मागून घेतला आणि पुढले वाक्य वाचले : दीर्घकाळ भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, सबब मालकाने, विशेषतः रात्री, कुत्र्यास शांत ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, असा त्याचा आशय होता. खजिनदारांनी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागासाठीची रात्रीची ४५ डेसिबलांची मर्यादा पुढे केली. कायद्याचा किल्ला ढासळतो आहेसे पाहताच नानासाहेब धर्म आणि इतिहास यांच्या आश्रयास गेले. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान आहेत. संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने धन्याचा जीव वाचविला अशी कथा सांगतात. आणि कुत्र्यास बाहेर ठेवून स्वर्गातही पाऊल टाकण्यास युधिष्ठिराने नकार दिला होता. यावर, आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे भावनेच्या आहारी न जाणारे खजिनदार शांतपणे म्हणाले, ‘नानासाहेब, महाप्रस्थानात एवढे सगळे जण वाटेत कोसळले, पण तो कुत्रा भुंकल्याचा उल्लेख व्यासांनी कुठंही केलेला नाही.’ सभा तहकूब झाली.

या सर्व पत्रव्यवहारात माईंचे, म्हणजे नानासाहेबांच्या पत्नीचे, नाव कोठेही आढळत नाही; काम मात्र त्यांनी केले. जनावरांच्या डॉक्टरांशी त्या एकदाच बोलल्या. वाड्यातून आलेली आणि धुण्यात टाकलेली गोधडी त्यांनी, तिचा वास तसाच राहावा म्हणून, न धुता बाहेर काढून हवालदारास अंथरून दिली. गॅलरीच्या गजांना खालच्या अंगाने जुन्या लुगड्याचा आडोसा केला. पहाटे, नानासाहेबांच्या चहापूर्वी, त्याला म्हातोबाच्या टेकडीपर्यंत दमवून आणू लागल्या. मग त्या दाराच्या आत पाट मांडून बसत; हातात कडक पोळीच्या तुकड्यांची स्टीलची डबी. बाहेर शेजारचा एक शाळकरी मुलगा लिफ्ट खालीवर करी. घंटा वाजली की हवालदाराने तोंड उघडण्यापूर्वी तळहातावर एक तुकडा. त्याचे कान टवकारत, मान दाराकडे वळे, मध्येच तिला पोळीचा वास लागे, आणि कर्तव्य व उदर यांच्या ओढाताणीत ती मान अर्ध्या वाटेवर थबके. काही दिवसांनी घंटा झाली की तो दाराकडे न पाहता डबीकडे पाहू लागला. दूधवाल्यालाही चार तुकडे देऊन ठेवलेले होते. एकटे राहण्याचा सराव तर फारच नामी : माई बाहेरचे लुगडे नेसत, पिशवी घेत, किल्ल्या वाजवीत आणि पुन्हा येऊन भाजी निवडावयास बसत. पुढे जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. आणि परतल्यावर लाड नाहीत की बोलणे नाही. जाणे-येणे ही काही गहजब करण्याजोगी घटना नव्हे, हे त्याला तेवढ्यावरूनच कळले.

नानासाहेबांना हा प्रकार आरंभापासून गैरशिस्त वाटला. ‘ही लाच झाली,’ ते म्हणाले.

‘लाच कशाची,’ माई म्हणाल्या, ‘बदलीचा भत्ता आहे तो.’

दोनेक महिन्यांत मजला शांत झाला. फारच झाले तर एखादा दबका हुंकार. आम्ही दुपारचे झोपू लागलो. नानासाहेबांची झोप मात्र उडाली. त्यांनी हवालदारास डॉक्टरांकडे नेले. प्रकृती ठणठणीत, पोळीमुळे वजन किंचित वाढलेले, एवढाच निष्कर्ष निघाला. अशातच समोरच्या बिऱ्हाडाच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला दारातून नाहीशा झाल्या, आणि नानासाहेबांच्या चर्येवर सभेनंतर प्रथमच तेज दिसले. त्याच रात्री त्यांनी चिटणिसांच्या नावे दोन पानी अर्ज लिहिला : पाचव्या मजल्यावरील बंदोबस्त हा सभासदांच्या आग्रहावरून उठविण्यात आलेला असून त्यापायी झालेल्या व होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी समितीवर राहील, सबब एक तर हवालदार यांस पूर्ववत् अधिकार बहाल करावेत, अथवा सदर मजल्यावर पगारी पहारेकरी नेमावा.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. समासात चिटणिसाने शाईच्या पेनने लिहिले होते : ‘संबंधित हवालदारांचे म्हणणे जोडून फेरसादर करावा.’ नानासाहेबांनी तो शेरा चष्मा पुसून दोनदा वाचला, अर्ज काळजीपूर्वक दप्तरात ठेवला, आणि इतका सुरेख शेरा मारणारा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये फुकट गेला, असे ते त्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.