आबामामा जाणार आहे

आबामामा जंगलात जाणार आहे. माझ्या मुंजीच्या वेळी तो जाणार होता, माझ्या लग्नाच्या वेळी तर निघालाच होता, आणि परवा माझ्या मुलीच्या बारावीचे पेढे खाता खाता त्याने पुन्हा जाहीर केलं, "बास झालं आता. माणसांत राहून माणूस कुजतो रे. एक दिवस बघ, दार उघडं असेल आणि मी नसेन."

"जाताना ओल्या कचऱ्याची बादली तेवढी खाली न्या," आतून मामी.

मामाचं दैवत थोरो. 'वॉल्डन'चा दुर्गाबाई भागवतांनी केलेला अनुवाद कायम त्याच्या उशाशी. आल्यागेल्याला तो ऐकवतो : १८४५ सालच्या ४ जुलैला हा गडी तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला, दोन वर्षं दोन महिने दोन दिवस राहिला. झोपडीला खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. "साडेबारा! काय हिशेब ठेवलाय!" इथे मामाचा आवाज हमखास भरून येतो. पुस्तकात पेन्सिलीच्या रेघा मात्र साठाव्या पानापर्यंतच आहेत. शेवटपर्यंत ते वाचलंय मामीने.

"झोपडीत खुर्च्या तीन," ती भाजी निवडता निवडता म्हणते. "एकट्या माणसाला कशाला हो तीन खुर्च्या? जागा मित्राची. गाव दीड मैलावर, म्हणजे इथून नळस्टॉप. अधूनमधून आईकडे जेवायला जायचा तो. तुम्ही तर कोथरुडात राहून बहिणीकडे जात नाही."

मामाची सॅक पलंगाखाली भरलेली असते. सामानाची पहिली यादी १९९४च्या कॅलेंडरमागे आहे : मीठ, काडेपेटी, चाकू, दोरी. काय रुबाबदार यादी! त्याखाली वेगवेगळ्या शायांत भर पडत गेली : बीपीच्या गोळ्या, इसबगोल, जादा चष्मा, गोडा मसाला, पॉवरबँक, कालनिर्णय. कालनिर्णय कशाला, तर जंगलात संकष्टी कशी कळणार?

मध्ये त्याने जागेचा घाट घातला. अभयारण्यात वनखातं झोपडी बांधू देत नाही, हे कळल्यावर त्याला कोकणातला वडिलोपार्जित कातळ आठवला. वाटणी करून आपला तुकडा वेगळा काढावा, म्हणून सातबारा काढला. उताऱ्यावर सतरा नावं. त्यातली चार देवाघरी आणि त्यांचे वारस निराळेच, दोघं बडोद्याला, एक न्यू जर्सीत, आणि एका आत्याशी १९८७पासून बोलणं बंद. माणसांपासून लांब जायचं, तर आधी सतरा माणसांच्या सह्या! मामा दोन वर्षं सह्यांमागे हिंडला. मिळाल्या अकराच, पण हिंडता हिंडता तीन लग्नं जमवून आला, आणि ती आत्या आता दर गणपतीला येते.

त्याला एकांत दाखवावा म्हणून मी एकदा हरिश्चंद्रगडावर घेऊन गेलो. चांगदेवांनी तिथे तप केलं, असं सांगतात. आम्ही शनिवारी गेलो, ही चूक माझी. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं गार पाणी, चारांपैकी एकच खांब शाबूत, आणि फोटोसाठी ही गर्दी. मामा पाच मिनिटं डोळे मिटून उभा राहिला. सहाव्या मिनिटाला तो रांग लावत होता. "ए निळा टीशर्ट, मागून ये!" रात्री पिठलं-भाकरी खाताना त्याच्याभोवती नाशिकची आठ पोरं बसलेली. गड उतरेपर्यंत मामा त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात होता. ॲडमिन म्हणून.

पण खरी अडचण सोसायटीची. समाज वगैरे नव्हे. चोवीस फ्लॅटांची, गळक्या गच्चीची सोसायटी. मामा सोळा वर्षं तिचा सेक्रेटरी आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून पावसाळ्यात जाता येत नाही. मग दिवाळी. मग थकबाकीदारांना नोटिसा. मार्चात ऑडिटरच्या वह्या, एप्रिल-मेत पाण्याचे टँकर, जूनच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग. जंगलासाठी उरतो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, आणि तेव्हा मामाला सर्दी असते.

गेल्या फेब्रुवारीत सर्दी झाली नाही. त्यामुळे जावं लागलं.

वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याशी मित्राचं कौलारू घर रिकामं होतं. बेत पंधरा दिवसांचा, फोन बंद. मी सोडायला गेलो होतो. गाडी वळेपर्यंत मामा ओट्यावर उभा राहून हात हलवत होता. पहिल्यांदा होस्टेलवर सोडलेल्या पोरासारखा. मलाच मेलं कसंतरी झालं.

रात्री साडेआठला मामीचा फोन वाजला. घरामागच्या टेकाडावर एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं की रेंज येते, हा शोध त्याने दिवस मावळायच्या आत लावला होता. "पंप बंद केला का? टाकी वाहत नाही ना?" दुसऱ्या रात्री, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी आहे, ही चौकशी. मग जरा थांबून, "फार शांत आहे गं इथे." मामी म्हणते, त्यानंतर बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत, नुसता वारा ऐकू येत होता.

चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीने मामा हजर. सॅक जशीच्या तशी, काखेत मात्र एक जाड फाइल. तिथल्या वाडीच्या नळयोजनेची. कागद कुठे अडलाय, ते कुणाला कळत नव्हतं. मामाला कळलं. तेव्हापासून दर गुरुवारी तो डबा घेऊन वेल्ह्याला जातो आणि तहसील कचेरीतल्या बाकावर बसून येतो. घरी सांगताना मात्र म्हणतो, "जरा जंगलात जाऊन येतो."

या वर्षीच्या वार्षिक सभेत त्याने सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. तो सर्वानुमते फेटाळण्यात आला. तशी नोंद इतिवृत्तात आहे, मामाच्याच अक्षरात.