क्रियाविशेषण कोठे उभे करावे : रहिवाशांसाठी सूचना

शीव कोळीवाड्यातील इंग्रजी बोलणाऱ्या, बोलू पाहणाऱ्या आणि मुलांच्या पालकसभेत नाइलाजाने बोलावे लागणाऱ्या सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, क्रियाविशेषणे वाटेल तेथे उभी केल्याने वाक्यांची वाहतूक तुंबत आहे. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात आपल्या शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला तो हद्द राखण्यासाठी. वाक्यातही ते हद्द सोडत नाहीत. सबब पुढील नियम पाळावेत.

१. क्रियापद आणि कर्म यांच्या मधल्या बोळात क्रियाविशेषण लावू नये. ‘शी फ्राइड बॅडली द प्रॉन्स’ चूक. ‘शी फ्राइड द प्रॉन्स बॅडली’ बरोबर. मात्र हे वाक्य कोळीवाड्यात मोठ्याने म्हटल्यास होणाऱ्या परिणामांना व्याकरण जबाबदार नाही.

२. ऑलवेज, युज्वली, नेव्हर यांची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी : ‘ही ऑलवेज ईट्स बोंबील’. ॲम, इज, आर आल्यास त्यांच्यानंतर : ‘द बोंबील इज ऑलवेज फ्रेश’. सहायक क्रियापद असल्यास पहिल्या सहायकानंतर : ‘आय हॅव नेव्हर बार्गेन्ड’. (हे वाक्य फक्त सरावासाठी. कोणी खरे मानू नये.)

३. रीत, स्थळ आणि काळ हे तिघे एकदम आल्यास मराठी रांग उलटी करावी. आपण म्हणतो, ‘तिने काल बाजारात पटापट मासळी विकली.’ इंग्रजीत आधी पटापट, मग बाजार, शेवटी काल : ‘शी सोल्ड द फिश क्विकली ॲट द मार्केट यस्टरडे’. यस्टरडेला गर्दी सोसत नसेल, तर तो वाक्याच्या दारात पहिला उभा राहू शकतो.

४. ओन्ली ज्याच्यापुरता, त्याला खेटून लावावा. ‘ओन्ली आय एट द प्रॉन्स’ म्हणजे बाकीचे उपाशी. ‘आय एट ओन्ली द प्रॉन्स’ म्हणजे भाकरी तशीच राहिली. ‘वी लिव्ह इन सायन ओन्ली’ हे हार्बर लोकलच्या डब्यात सर्वांना समजते, त्यामुळे तेथे दंड नाही. परीक्षेत गुण कापले जातील.

५. ‘व्हेरी व्हेरी’ तर नकोच. क्रियापदाला नुसता एक व्हेरीही चालत नाही. ‘आय व्हेरी लाइक सुरमई’ दिसल्यास उचलून नेण्यात येईल. ‘आय लाइक सुरमई व्हेरी मच’ म्हणावे.

शंका असल्यास क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी लावावे. ऑलवेज-नेव्हर मंडळी आणि ओन्ली वगळता बहुतेकांना ती जागा मानवते. सहकार्य करावे.

— हुकुमावरून