अण्णांची एफडी

(रंगमंचावर एक खुर्ची. तो हातात कॅल्क्युलेटर घेऊन येतो.)

भोरकर, रिंगरोडला गेलेल्या जमिनीचे पैसे आले! (थांबतो.) टाळ्या नकोत. सातबाऱ्यावर आमची सतरा नावं. त्यातली तीन वारलेली, त्यांचे वारस नऊ. वाटण्या होता होता माझ्या पदरी दोन लाख पंधरा हजार पडले.

आणि डोक्यावर पर्सनल लोन! तीन लाख, चौदा टक्के, पाच वर्षं. कशाला काढलं होतं ते हिला आठवत नाही. मला आठवतंय, पण मी बोलत नाही. हप्ता ६,९८०. दोन वर्षं इमानानं भरला. किती फिटलं असेल? निम्मं? अजून २,०४,००० बाकी! पहिल्या हप्त्यातले ३,५०० व्याजानंच खाल्ले.

म्हटलं, फेडून टाकू. तेवढ्यात वेल्ह्याहून सासरे आले. तालुक्याचं नाव राजगड झालं, पण मामांचे सल्ले जुनेच. (मिशीवर हात.) "जावईबापू, गुंजवणीच्या काठाला रिसॉर्ट काढा." मामा, दोन लाखांत रिसॉर्टची पाटी होईल फक्त!

मग शेजारचे अण्णा, पेपर नाचवत. "अरे, रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२६ पासून फोरक्लोजरचा दंड काढून टाकलाय!" पळालो शाखेत. (मोबाइलवरून नजर न काढणारा कर्मचारी.) "ते त्या तारखेनंतरच्या फ्लोटिंग कर्जाला. तुमचं जुनं, शिवाय फिक्स्ड. चार टक्के फोरक्लोजर, त्यावर अठरा टक्के जीएसटी."

"कशाबद्दल?"

"लवकर फेडताय म्हणून."

हप्ता चुकला तर दंड, लवकर फेडलं तरी दंड! पोरगं शाळेत उशिरा गेलं म्हणून छडी, आणि वेळेआधी गेलं म्हणूनही छडी. दंड किती? ९,६४०!

अण्णा परत हजर. "मग त्या २,०४,००० ची एफडी कर. सात टक्क्यांनी तीन वर्षांत ४७ हजार व्याज." मी लोनचं उरलेलं व्याज काढलं. तेही ४७ हजार! (नाचतो.) फिट्टंफाट! दंड वाचला, वर पैसे आपल्याच नावावर!

ही तांदूळ निवडत होती. इंद्रायणी. सूप खाली न ठेवता म्हणाली, "अहो, पण मग हप्ता कोण भरणार? अण्णा?"

(नाच थांबतो.)

"फेडलंत तर महिन्याला ६,९८० मोकळे. ते आरडीत टाका. तीन वर्षांनी २ लाख ८० हजार. तुमच्या एफडीचे होणार अडीच. दंड धरा, दंडाचं व्याज धरा, तरी सोळा-सतरा हजार आपलेच."

बचत गटाची हिशेबनीस आहे ती, मंडळी. मी नुसता कॅल्क्युलेटर बाळगतो.

तरी मी अडलो. "सगळं भरलं तर हातात हजार-अकराशे उरतात. उद्या दवाखाना निघाला तर?"

"तीस हजार ठेवलेत मी बाजूला."

"मला नाही सांगितलंस!"

"सांगितलं असतं तर राहिले असते?"

(खुर्चीत बसतो. मग उठतो.)

भरले! तुमच्यापैकी कुणी फेडायला निघालं असेल, तर आधी फोरक्लोजर स्टेटमेंट मागा. एनओसी हातात पडेपर्यंत बँकेची पाठ सोडू नका. आणि घरात कुणी बचत गटात असेल, तर हिशेब तिच्याकडूनच करून घ्या. तिची वही मात्र उघडायला जाऊ नका.