न उडणारा फ्यूज

जी वस्तू मोडते ती हलक्या प्रतीची, हा आमच्या चाळीतल्या आबांचा सिद्धांत. छत्री, जावई, नगरसेवक असं सगळ्यांना तो लावून झाल्यावर त्यांची नजर मीटरबोर्डावरच्या किटकॅटवर गेली.

गीझर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडायचा. गीझर २००० वॉटचा, इस्त्री १०००ची. २३० व्होल्टला हे १३ अँपिअर होतात. लाकडी पट्टीतून गेलेली वायर मात्र १ चौरस मिलिमीटरची, दिवे-पंख्यांपुरती टाकलेली. म्हणजे घरात शहाणा असा तो फ्यूजच. आबांना तो उर्मट वाटायचा. ‘मला न विचारता माझ्या घरातली लाईट घालवणारा हा कोण?’

मग स्टूल यायचं. आबांच्या दातांत तार, काकूंच्या हातात बॅटरी आणि तिचा झोत नेमका आबांच्या डोळ्यांवर. ५ अँपिअरची तार ‘नाजूक’ निघाली, १५ची ‘बरी’. शेवटी जुन्या टेबलफॅनची वायर सोलून आतल्या सगळ्या तांब्याच्या तारा पिळून त्यांनी स्क्रूखाली आवळल्या. टीव्हीच्या स्टॅबिलायझरमधल्या काचेच्या फ्यूजला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. आबा निर्व्यसनी, चांदी पानवाल्याकडून मागून आणलेली.

वायरमनने समजावलं, ‘‘आबा, वायर तापायच्या आत फ्यूज वितळायला हवा. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. फ्यूजने दाद दिली नाही, तर पट्टीत आग लागेल.’’

‘‘काही नाही लागत. पट्टी सागवानी आहे.’’

नरकचतुर्दशीला पहाटे गीझर चालू, नव्या सदऱ्यावर इस्त्री फिरतेय, आणि पट्टीतून रबर जळल्याचा वास. शेजारचा पोरगा शहाणा, त्याने पळत जाऊन मेन स्विच पाडला. अख्खी चाळ अंगाला उटणं फासून गॅलरीत. पट्टी दोन हात काळी पडली होती. आबांनी आधी किटकॅट उपसलं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं, ‘‘बघा! याला काही झालंय?’’

वायरमनने नवी वायर पडेपर्यंत १० अँपिअरचा एमसीबी लिहून दिला. आबा दुकानातून ३२चा घेऊन आले. दोन्हींचा भाव जवळपास एकच होता म्हणे. ‘‘तेवढ्याच पैशांत तिप्पट मिळतंय,’’ पिशवी वायरमनच्या हातात देत आबा म्हणाले, ‘‘लिहिताना जरा चौकशी करत जा.’’