घातांकवाले काका

खगोलातल्या अवाढव्य राशींचा दहाच्या घातांत अंदाज बांधणारे निवृत्त गृहस्थ पुण्यात सगळीकडे आढळतात. येरवड्यातला प्रकार त्यांत विशेष कसलेला. नगर रस्त्यावरचे दिवे आणि लोहगावला उतरणारी विमाने यांमुळे इथल्या गच्चीवरून तारे मोजकेच दिसतात. निरीक्षणातली ही तूट काका आकडेमोडीने भरून काढतात.

त्यांना ओळखणे सोपे असते. वरच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि घडी घातलेले पाठकोरे वीजबिल असते. तोंडपाठ आकडे तीनच: प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ गुणिले दहाचा ८वा घात मीटर, वर्षाचे सेकंद ३ गुणिले दहाचा ७वा घात आणि सूर्याचे वस्तुमान २ गुणिले दहाचा ३०वा घात किलो. एवढ्या भांडवलावर ते विश्वाचा संसार चालवतात.

रीत अशी. पुढचे आकडे गुणायचे आणि घातांची बेरीज करायची. भागाकार असेल तर वजाबाकी. प्रकाशवर्ष काढताना तीन त्रिक नऊ, आठ आणि सात पंधरा. म्हणजे ९ गुणिले दहाचा १५वा घात मीटर. पुस्तकात नवाच्या जागी ९.४६ असते. काका नवाचेही दहा करतात आणि १६वा घात सांगून मोकळे होतात. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. त्याचे सेकंद केले की ४ गुणिले दहाचा १७वा घात येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त १७व्या घाताला परार्ध म्हटले आहे. त्यामुळे विश्व चार परार्ध सेकंदांचे झाले, ही बातमी काका शेजारच्या बाळाच्या बारशालाही देतात.

प्रात्यक्षिक बहुधा गुंजन चौकात, रिक्षात बसल्या बसल्या होते. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४ गुणिले दहाचा १३वा घात किलोमीटरवर आहे. ताशी ४० किलोमीटरने दहाचा १२वा घात तास लागतील. वर्षाचे तास ८,७६०. काका ते दहा हजार धरतात. उत्तर येते दहा कोटी वर्षे. त्यात बंडगार्डन पुलावरची कोंडी धरलेली नसते. रिक्षावाल्याला काळाचे काही वाटत नाही. तो एवढेच म्हणतो, “काका, तिकडून भाडं मिळत नाही. हाफ रिटर्न पडेल.”

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, काका विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात जातात आणि टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेबद्दल घरच्यासारखे बोलतात. तिथल्या जाणकारांनाही त्यांची रीत मान्य असते. आकाशगंगेतले तारे काही जण १०० अब्ज सांगतात, काही ४०० अब्ज. घात दोन्हींचा ११वाच. जिथे मापच चौपटीने इकडेतिकडे होते, तिथे शून्ये बरोबर येणे हीच अचूकता.

अडचण जमिनीवर होते. सोसायटीच्या सभेत टाकीच्या दुरुस्तीचा खर्च विचारला, तर काका ‘दहाचा ५वा घात’ म्हणतात. त्यात एक लाखही बसतो आणि नऊ लाखही. “काका, चेक कितीचा लिहू?” या सेक्रेटरीच्या प्रश्नाला ते आधी पुढचा आकडा गौण असल्याचे समजावतात. घरच्या दुधाच्या बिलात मात्र तीन रुपयांचा फरक निघाला, की दूधवाल्याला जिन्यातून परत बोलावले जाते.

एरवी हा प्रकार निरुपद्रवी, मुलांच्या अभ्यासाला उपयुक्त आणि अल्पखर्ची आहे. सोसायटीचे खजिनदारपद तेवढे त्यांना कोणी देत नाही.