चाकाखालचं लिंबू

आमच्या चाळीत कुंपण कुठलं असायला? कॉमन गॅलरीचा कठडा आहे. त्यावर एका बाजूला माझी गोधडी, दुसऱ्या बाजूला काकींचे पापड, आणि मध्ये आम्ही दोघी.

"ऐकलंस का गो, खालच्या बाळ्याची गाडी परत बंद पडली. चिंतामणी गणपतीच्या आगमनाच्या दिवशी, भारतमाता सिनेमाजवळ. मंडळाच्या पोरांनी ढकलत बाजूला नेली. लोक आले बाप्पाला बघायला आणि फोटो काढले हिचे."

"पाचव्यांदा ना?"

"सहाव्यांदा. दसऱ्याला आणली तेव्हा चार चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. एक फुटलंच नाही, घरंगळत गेलं गटारात. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, लक्षण बरं नाही."

मला हसू आलं. "काकी, अमेरिकेत असल्या गाडीलाच लिंबू म्हणतात. नवी कोरी, पण सारखी गॅरेजात. त्यावर तिकडे कायदासुद्धा आहे. पहिला झाला १९८२ मध्ये, कनेक्टिकट राज्यात. आमची भाची राहते त्या न्यू जर्सीत, तोच बिघाड तीनदा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण वीस दिवस गॅरेजात पडून राहिली, की बदली गाडी नाहीतर पैसे मागता येतात."

"आणि आपल्याकडे?"

"आपण बंपरला नवं लिंबू बांधतो."

काकींना हे लागलं असावं. त्या पापड उलटायला लागल्या. म्हणून मीच पुढे बोलले. वीस वर्षं फोर्टात वकिलाकडे टायपिंग केलंय, तोंड गप्प बसत नाही.

आपल्याकडे गाडीसाठी वेगळा कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९८६ चा जुना, आता २०१९ चा. त्यात आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, पैसेही परत करायला लावू शकतो. पन्नास लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोग. आपला तर परळला, पुरवठा भवनात, चालत जाता येतं. वकील लागतोच असं नाही.

"फी किती?"

"बाळ्याची गाडी नऊ लाखांची. पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये."

"दोनशे? अगो, त्या टोइंगवाल्याने पंधराशे घेतले!"

पण काकींना मी खोटी आशा दाखवली नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका मारुतीच्या प्रकरणात सांगितलं होतं, वॉरंटीत पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देऊ एवढंच लिहिलेलं असेल तर सबंध गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे गाडीत मुळातच, कारखान्यातूनच दोष आहे हे दाखवावं लागतं. ते डोळ्यांनी दिसत नसेल तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा अर्ज करायचा. इथेच निम्मी माणसं गळतात.

"म्हणजे कंपनीवरच केस?"

"डीलर आणि कंपनी, दोघांवर. गोव्यात एकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी विकली होती, ६२२ किलोमीटर आधीच पळालेली. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०२१ मध्ये कोर्टाने टाटा मोटर्सला सोडलं, कारण डीलरने काय केलं ते कंपनीला माहीत होतं असा पुरावाच नव्हता. सुटला नाही तो डीलर. नुसती कंपनी धरून बसला असता तर?"

"आणि निकाल कधी लागतो म्हणायचा?"

हा प्रश्न मला नको होता. हैदराबादच्या एका कंपनीने २००९ च्या सप्टेंबरात बीएमडब्ल्यू घेतली, चार दिवसांत बिघडली. ते प्रकरण ग्राहक मंचातलं नव्हे, फसवणुकीच्या फिर्यादीचं. पण पन्नास लाख द्या असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला तो २०२४ च्या जुलैत.

काकींनी बोटं मोजली. "पंधरा वर्षं! तोवर बाळ्याची पोरं दहावीला."

"म्हणून आधी १९१५ वर फोन करायचा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नाहीतर पार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीत जाऊन सल्ला घ्यायचा, १९७५ पासून हेच करतायत ते. पुष्कळदा पत्रावरच काम होतं. पण तक्रार दोन वर्षांच्या आत टाकायची, आणि हातात कागद हवा. दर खेपेचं जॉब कार्ड! गाडी कधी दिली, कधी मिळाली, किती किलोमीटर झाले होते, गिअर अडकतो असं गिऱ्हाईक म्हणालं की नाही, सगळं त्यावर असतं. तो काउंटरवरचा पोरगा 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो. त्याला सांगायचं, गिअर अडकतो असं लिही, मग सही करतो. बाळ्याकडे आहेत ना सगळी?"

काकी गप्प. मग खाली वाकून त्यांनी हाक मारली, "बाळ्याच्या आई! अहो, गॅरेजवाल्याचे कागद आहेत का हो?"

खालच्या मजल्यावरून उत्तर आलं, "पाच आहेत, मोबाइलच्या बिलांत. सहावं कपाटात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीखाली घातलंय. तेल गळतं ना मेलं!"

मी जिना उतरून गेले. बरणी उचलली. कागदावर तेलाचा मोठा गोल उमटला होता, पण तारीख वाचता येत होती, किलोमीटरही.

"पुसू नका," मी म्हटलं. "आधी झेरॉक्स काढून आणते."